रासायनिक समीकरण बॅलन्स करायचंय? आधी फॉर्म्युला तपासा

गॅसवर गार पाण्याचं पातेलं ठेवलं की पहिलं अर्धं-एक मिनिट त्याच्या बुडाला बाहेरून ओल धरते, कधी कधी थेंब खाली पडून चर्र असा आवाजही येतो, आणि आपल्याला वाटतं पातेलं पुसायचं राहिलं. कोरडं पुसून ठेवा, तरी तेच होतं. ते पाणी पातेल्याच्या आतलं नाहीच, ते गॅस जळून तयार झालेलं पाणी आहे, वाफ होऊन वर येतं आणि गार बुडाला लागून त्याचे थेंब होतात, बूड तापलं की दिसेनासं होतं. ऐरोलीत माझ्याकडे दहावीची मुलं येतात त्यांना मी पहिल्या दिवशी वही उघडायला लावत नाही, आधी ओट्यापाशी नेऊन हे दाखवते. मग विचारते, गॅसमध्ये पाणी नव्हतं, हवेतून ऑक्सिजन आला, तर हे पाणी कुठून आलं आणि किती आलं? या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर म्हणजे बॅलन्स केलेलं समीकरण, ज्यात दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू सारखेच असतात.

हे सगळं नवख्यांसाठी लिहितेय. दहावीचा तिसरा धडा सुरू झालेली मुलं, आणि मुलांना शिकवायचंय पण स्वतःची शाळा सुटून वीस-पंचवीस वर्षं झालीत असे आईबाबा. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात मला एक गोष्ट पक्की कळलीय, की मुलांचं बॅलन्सिंग फारसं चुकत नाही, त्यांचा फॉर्म्युला चुकतो. फॉर्म्युला चुकला की मग कितीही आकडे टाका, ते समीकरण जमतच नाही, मूल रडकुंडीला येतं आणि म्हणतं मला केमिस्ट्री येत नाही. म्हणून माझा अर्धा वेळ मी फॉर्म्युल्यावर घालवते आणि तुम्हीही घालवा.

लिहिण्याबद्दल एक सांगून ठेवते. इथे मी सूत्रं आपण तोंडाने म्हणतो तशी लिहिलीत, एच२ओ, सीओ२ वगैरे. अक्षराला चिकटून आलेला आकडा वहीत खाली बारीक लिहायचा. आणि सूत्राच्या आधी जागा सोडून आलेला आकडा, जसं २ एच२ओ, तो पूर्ण साइजमध्ये पुढे लिहायचा. या दोन आकड्यांमधला फरक कळला की अर्धी लढाई जिंकली.

तो फरक असा. बेकरीत गेलात आणि तीन लादी पाव मागितले, तर किती लाद्या घ्यायच्या ते तुम्ही ठरवता, पण एका लादीत पाव किती ते बेकरीवाल्याने आधीच ठरवलेलं असतं. पुढचा मोठा आकडा म्हणजे लाद्या, खालचा बारीक आकडा म्हणजे लादीतले पाव. बॅलन्स करताना आपल्या हातात फक्त लाद्या आहेत. एच२ओ मधला २ खोडून तिथे काही दुसरं लिहिलं की पाणी पाणी राहत नाही. ऑक्सिजन कमी पडतोय म्हणून मुलं सरळ एच२ओ२ लिहून मोकळी होतात, ते हायड्रोजन पेरॉक्साइड झालं, जखम धुवायला वापरतात ते. पातेल्याच्या बुडाला ते येत नाही.

आधी शब्दात, मग सूत्रात

पहिलं काम, रिअॅक्शन साध्या मराठीत लिहा. काय घेतलं, काय मिळालं. घेतलं ते अभिकारक, डाव्या बाजूला. मिळालं ते उत्पादितं, उजव्या बाजूला, मध्ये बाण. बरोबरचं चिन्ह टाकू नका, बाणच काढा.

मिथेन + ऑक्सिजन → कार्बन डायऑक्साइड + पाणी

पाइपलाइनने घरी येतो त्या गॅसमध्ये मुख्यतः मिथेन असतो, म्हणून हे घेतलं. आता प्रत्येक नावाखाली त्याचं सूत्र लिहायचं आणि इथे घाई नको. सूत्र येतं संयुजेवरून, म्हणजे व्हॅलन्सीवरून, एखादा अणू किंवा गट दुसऱ्यांशी किती जोड्या करू शकतो त्या आकड्यावरून. सोडियम, पोटॅशियम, चांदी, हायड्रोजन, क्लोरीन आणि ओएच यांची १. कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंक, ऑक्सिजन, सल्फेट, कार्बोनेट यांची २. अॅल्युमिनियमची ३. लोखंड कधी २ कधी ३, आणि तांबं बहुतेक वेळा २. नायट्रेटची १, आणि बायकार्बोनेट म्हणजे खायच्या सोड्यातलं एचसीओ३ त्याचीही १. एवढी यादी पाठ करा, खरंच पाठ करा, मला पाठांतर आवडत नाही पण पाढे आणि संयुजा याला पर्याय नाही.

मग तिरका गुणाकार. अॅल्युमिनियमची ३, सल्फेटची २, आकडे तिरके उतरवा, एएल२(एसओ४)३. कंस का? कारण तीन पट करायचंय ते अख्ख्या सल्फेटला, नुसत्या ऑक्सिजनला नाही. कॅल्शियम २ आणि ओएच १, सीए(ओएच)२. मॅग्नेशियम २ आणि ऑक्सिजन २ आले तर एमजी२ओ२ लिहायचं नाही, दोन्ही सारखे म्हणून छाटून टाका, एमजीओ.

आणि एक यादी, जी विसरली की हमखास चूक. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लोरिन, क्लोरीन, ब्रोमिन, आयोडिन हे सात जण एकटे असले की जोडीने राहतात, एच२, एन२, ओ२ असे. धातू मात्र एकेकटे लिहायचे, एफई, सीयू, झेडएन. मुलांना सोडियमचं एनए आणि लोखंडाचं एफई याचं कोडं पडतं, अक्षरं जुळत नाहीत म्हणून. ही अक्षरांची पद्धत स्वीडनच्या बर्झेलियसने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणली आणि त्याने लॅटिन नावं धरली, नॅट्रियम आणि फेरम. हे एकदा सांगितलं की मुलं विसरत नाहीत असा माझा अनुभव.

आता मोजणी

सीएच४ + ओ२ → सीओ२ + एच२ओ

वहीत खाली तीन ओळींचा छोटा तक्ता करा, डावीकडे किती, उजवीकडे किती. कार्बन १ आणि १, जमलं. हायड्रोजन ४ आणि २, नाही जमलं. ऑक्सिजन २ आणि ३, तेही नाही. हायड्रोजनसाठी पाण्याच्या पुढे २ लावा, तो ४ झाला. पण २ लावला की पाण्यातला ऑक्सिजनही दुप्पट होतो, म्हणजे उजवीकडे आता २ आणि २ मिळून ४. डावीकडे ओ२ च्या पुढे २ लावला की संपलं.

सीएच४ + २ ओ२ → सीओ२ + २ एच२ओ

प्रत्येक आकडा लावल्यावर तक्ता पुन्हा खोडून लिहा, डोक्यात ठेवू नका. माझ्याकडच्या एका मुलीला हे कंटाळवाणं वाटायचं, ती म्हणायची "ताई, मला दिसतंय ना," आणि मग परीक्षेत तिला नेमकं दिसलं नाही. पेन्सिलने लिहा, खोडा, परत लिहा.

झाल्यावर वजनाने ताडून बघा, हे शाळेत फार कोणी सांगत नाही. अणूंची वजनं कार्बन १२, ऑक्सिजन १६, हायड्रोजन १ धरा. डावीकडे मिथेन १६ आणि ऑक्सिजन ६४, एकूण ८०. उजवीकडे कार्बन डायऑक्साइड ४४ आणि पाणी ३६, एकूण ८०. म्हणजे १६ ग्रॅम गॅस जळाला तर ३६ ग्रॅम पाणी होतं, दुपटीहून जास्त, कारण हवेतला ऑक्सिजन त्यात जोडला जातो. पातेल्याच्या बुडाला ओल का धरते ते आता आकड्यात दिसलं. फ्रान्सच्या लाव्हाझिएने अठराव्या शतकात बंद भांड्यात वजनं करून करून हेच दाखवलं होतं, की काही नाहीसं होत नाही आणि काही नव्याने येत नाही.

याच गॅसला हवा कमी पडली तर समीकरण बदलतं.

२ सीएच४ + ३ ओ२ → २ सीओ + ४ एच२ओ

सीओ२ च्या जागी सीओ, कार्बन मोनॉक्साइड, ज्याला रंग नाही, वास नाही, आणि माणूस गुंगीत जाऊन दगावतो. गॅस गिझर बंद बाथरूममध्ये धोक्याचा असतो तो यामुळेच. आपल्याकडे टॉवरमधल्या फ्लॅटला बाथरूमची खिडकी केवढीशी असते, तीही कुणी काच लावून बंद करून टाकतं. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर ती खिडकी उघडी ठेवा. समीकरणातला एक ओ इकडचा तिकडे झाला की काय होतं, ते मुलांना इथे कळतं.

कोणापासून सुरू करायचं

नवखा माणूस डावीकडून जे पहिलं दिसेल ते धरतो आणि गोल गोल फिरत राहतो. क्रम असा ठेवा, आधी धातू, मग कार्बन, सल्फर असे बाकीचे, मग हायड्रोजन, आणि ऑक्सिजन सगळ्यात शेवटी. कारण ऑक्सिजन चार ठिकाणी पसरलेला असतो, त्याला आधी धरलं की प्रत्येक बदलात तो परत बिघडतो. जो घटक एकटाच सुटा उभा आहे, ओ२ सारखा, त्याला शेवटी हात लावायचा, कारण त्याचा आकडा बदलला तर दुसरं काही हलत नाही.

सिलेंडरमधल्या गॅसमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेन असतात. ब्यूटेन घेऊ.

सी४एच१० + ओ२ → सीओ२ + एच२ओ

कार्बन ४, म्हणून ४ सीओ२. हायड्रोजन १०, म्हणून ५ एच२ओ. ऑक्सिजन उजवीकडे ८ आणि ५, तेरा. डावीकडे तो दोन-दोनच्या जोडीत येतो, तेराच्या जोड्या कशा करणार? इथे पोरं थांबतात. थांबू नका, बिनधास्त साडेसहा लिहा, नंतर अख्ख्या समीकरणाला दोनाने गुणा.

२ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ

डावीकडे ऑक्सिजन २६, उजवीकडे १६ आणि १०, जमलं. उलट कधी कधी सगळे आकडे २ ने किंवा ३ ने भागले जातात, तेव्हा भागून लहान करून लिहायचे, नाहीतर मार्क जातात.

दोन आणि तीन समोरासमोर आले की लसावि काढा. खाडीच्या अंगाला राहणाऱ्यांना गंज काय ते सांगायला नको, आमच्या खिडकीचं ग्रिल दर दोन वर्षांनी घासून रंगवावं लागतं.

एफई + ओ२ → एफई२ओ३

ऑक्सिजन इकडे २, तिकडे ३, लसावि ६. म्हणून ३ ओ२ आणि २ एफई२ओ३, मग लोखंड ४.

४ एफई + ३ ओ२ → २ एफई२ओ३

खरा गंज म्हणजे या ऑक्साइडला चिकटलेलं पाणीही असतं, कमीजास्त, म्हणून पुस्तकात त्याच्यापुढे टिंब देऊन एक्स एच२ओ लिहितात. मुलं विचारतात की खाऱ्या हवेने गंज लवकर चढतो मग मीठ समीकरणात का नाही. छान प्रश्न आहे. मीठ काम जलद करतं पण स्वतः खर्च होत नाही, आणि समीकरणात हिशोब असतो तो खर्च झालेल्याचा आणि मिळालेल्याचा.

याच एफई२ओ३ मधून परत लोखंड काढताना तुम्ही बघितलंही असेल. रात्रीच्या ब्लॉकमध्ये रुळाचा सांधा जोडतात तेव्हा पांढराशुभ्र प्रकाश आणि ठिणग्या दिसतात, तिथे अॅल्युमिनियमची पूड लोखंडाच्या ऑक्साइडमधला ऑक्सिजन हिसकावून घेते आणि वितळलेलं लोखंड सांध्यात ओतलं जातं.

एफई२ओ३ + २ एएल → २ एफई + एएल२ओ३

गट असेल तर गठ्ठ्याने मोजा

पाणी शुद्ध करायला अॅल्युमिनियम सल्फेट टाकतात, गाळ खाली बसतो. चुन्याबरोबर त्याची रिअॅक्शन अशी,

एएल२(एसओ४)३ + सीए(ओएच)२ → एएल(ओएच)३ + सीएएसओ४

ऑक्सिजन मोजायला गेलात तर डावीकडे चौदा, आणि डोकं फिरेल. मोजू नका. सल्फेट डावीकडे सल्फेट आहे आणि उजवीकडेही सल्फेटच आहे, फुटलेलं नाही, मग अख्खा गठ्ठा एक धरा. सल्फेट ३ आणि १, म्हणून ३ सीएएसओ४. कॅल्शियम झाला ३, म्हणून ३ सीए(ओएच)२. ओएच झाले ६, म्हणून २ एएल(ओएच)३. अॅल्युमिनियम आपोआप २ आणि २. चार ओळीत काम झालं.

गठ्ठा फुटत असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही, तेव्हा सुटेसुटे मोजा. जसं कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट असतं, एनएओसीएल, आणि टॉयलेट क्लीनरमध्ये बरेचदा हायड्रोक्लोरिक अॅसिड.

एनएओसीएल + २ एचसीएल → एनएसीएल + सीएल२ + एच२ओ

क्लोरीन डावीकडे एक आणि दोन मिळून तीन, उजवीकडेही तीन. ते सीएल२ म्हणजे क्लोरीन वायू, छातीला झोंबतो, श्वास कोंडतो. हे दोन कधीही एकत्र ओतू नका, लादी पुसतानासुद्धा, आणि घरकाम करणाऱ्या ताईंनाही नीट सांगा, कारण बाटल्या शेजारी शेजारीच ठेवलेल्या असतात.

आकडा चुकला तर काय होतं

शिकवायच्या आधी मी रबाळे एमआयडीसीत एका कंपनीच्या लॅबमध्ये होते. नवीन होते तेव्हा ईटीपीला, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायच्या प्लांटला, पाठवायच्या आधी अॅसिडचं पाणी न्यूट्रल करायचं काम माझ्याकडे आलं. सल्फ्युरिक अॅसिड आणि कॉस्टिक, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड. मी घाईत एकाला एक धरून कॉस्टिक काढलं, ऑपरेटरने टाकलं, आणि पीएच काही वर येईना, पेपर लालच. मला वाटलं कॉस्टिक जुनं असेल. सीनियर काका आले, माझी वही बघितली, काही बोलले नाहीत, पेनने फक्त एक २ लिहिला.

एच२एसओ४ + २ एनएओएच → एनए२एसओ४ + २ एच२ओ

९८ ग्रॅम अॅसिडला कॉस्टिक लागतं ८० ग्रॅम, मी ४० धरलं होतं. तसंच सोडलं असतं तर ते अॅसिडचं पाणी पुढे गेलं असतं. त्या दिवसापासून तो पुढचा आकडा मला मार्कांचा वाटत नाही.

अडेल समीकरणाला बीजगणित

तांबं आणि पातळ नायट्रिक अॅसिड, यावर मुलं अर्धा अर्धा तास घालवतात. नजरेने नाही जमलं तर प्रत्येकापुढे एक अक्षर लिहा,

क सीयू + ख एचएनओ३ → ग सीयू(एनओ३)२ + घ एनओ + च एच२ओ

आता तांब्यावरून क = ग. हायड्रोजनवरून ख = २च. नायट्रोजनवरून ख = २ग + घ. ऑक्सिजनवरून ३ख = ६ग + घ + च. नायट्रोजनच्या ओळीतून घ = २च − २ग मिळतो, तो आणि ख = २च हे ऑक्सिजनच्या ओळीत टाका, ६च = ४ग + ३च, म्हणजे ३च = ४ग. सगळ्यात लहान पूर्ण आकडे घ्या, ग ३ आणि च ४. मग क ३, ख ८, घ २.

३ सीयू + ८ एचएनओ३ → ३ सीयू(एनओ३)२ + २ एनओ + ४ एच२ओ

ऑक्सिजन २४ आणि २४. ज्याला दोन अनोळखी संख्यांची समीकरणं सोडवता येतात त्याला हे येतंच, गणिताच्या वहीतलंच आहे. पण साध्या समीकरणांना ही पद्धत वापरू नका, वेळ जातो.

आता एक सावधगिरी. बॅलन्स झालं म्हणजे रिअॅक्शन होतेच असं नाही.

सीयू + २ एचसीएल → सीयूसीएल२ + एच२

मोजून बघा, तंतोतंत जमतं. पण तांब्याचा तुकडा पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडमध्ये टाकून बसा, बुडबुडा येणार नाही, कारण तांबं हायड्रोजनला बाहेर काढण्याइतकं क्रियाशील नाही. तांब्याच्या जागी झिंक टाका, लगेच बुडबुडे. म्हणून कोण कोणाला हटवतो ती क्रियाशीलतेची श्रेणी वेगळी शिकावी लागते, नुसत्या मोजणीतून ती कळत नाही.

शेवटी अवस्था लिहायच्या राहतात. स्थायूला एस, द्रवाला एल, वायूला जी, पाण्यात विरघळलेल्याला एक्यू, कंसात सूत्राच्या मागे. साका खाली बसत असेल तर खाली बाण, वायू उडत असेल तर वर बाण. उष्णता दिली असेल तर मधल्या बाणावर त्रिकोण. हे सगळं बॅलन्स झाल्यावर, आधी नाही.

आज रात्री वहीत ही पाच करून बघा, पुढे दिलेलं उत्तर झाकून. सोडियम आणि पाण्यापासून सोडियम हायड्रॉक्साइड आणि हायड्रोजन: २, २, २, १. पोटॅशियम क्लोरेट तापवून पोटॅशियम क्लोराइड आणि ऑक्सिजन, सूत्र केसीएलओ३: २, २, ३. लेड नायट्रेट तापवून लेड ऑक्साइड, नायट्रोजन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन: २, २, ४, १. अमोनिया आणि ऑक्सिजनपासून एनओ आणि पाणी: ४, ५, ४, ६. आणि झाडाच्या पानात चालतं ते, कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून ग्लुकोज सी६एच१२ओ६ आणि ऑक्सिजन: ६, ६, १, ६. लेड नायट्रेटला जर आकडे जमेनात, तर आकड्यांशी झटापट करायच्या आधी सूत्र बघा, तिथे पीबी(एनओ३)२ च्या जागी पीबीएनओ३ लिहिलेलं सापडेल.